चित्रपटाकडून तळहाताकडे : गेम बॉय कलरवरील 'हॅरी पॉटर' (२००१) – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

नोव्हेंबर २००१ मध्ये 'हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच सुमारास त्याच नावाचे अनेक व्हिडिओ गेम निरनिराळ्या यंत्रांसाठी बाजारात आले. त्यांपैकी निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय कलर' या तळहाताएवढ्या यंत्रावरील खेळ हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. यंत्राची क्षमता अल्प असल्यामुळे हा खेळ चित्रपटाची दृश्यात्मक नक्कल करू शकला नाही. त्याने वाचनावर आणि हिशेबावर आधारलेले वेगळेच रूप स्वीकारले. हे रूप कोणत्या ऐतिहासिक कारणांतून घडले, ते खेळणे ही क्रिया कोणत्या स्वरूपाची होती आणि तिचा पुरावा आज का नष्ट होत आहे, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, माध्यमांतर, बालसंस्कृती, गेम बॉय, जतन

प्रस्तावना

मनुष्याच्या इतिहासात खेळाला गंभीर स्थान देण्याचे श्रेय डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांना दिले जाते. 'होमो लुडेन्स' हा त्यांचा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. खेळ हा संस्कृतीचा उपपदार्थ नसून संस्कृती खेळातूनच आकार घेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९५८ मध्ये फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी खेळांचे वर्गीकरण करून या विचाराला अधिक शास्त्रशुद्ध बैठक दिली. तरीही इतिहासलेखनात बालकांच्या खेळांना मिळणारी जागा अत्यल्प राहिली आहे. त्यातही चित्रपटाच्या जाहिरातीसोबत विकल्या गेलेल्या व्हिडिओ गेमकडे निव्वळ व्यापारी वस्तू म्हणून पाहण्याची प्रथा आहे.

वस्तू व्यापारी असली म्हणून तिचा वापरही तेवढाच उथळ असतो असे मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील स्वस्त छापील पोथ्यादेखील व्यापारासाठीच निघत. पण त्या कोणी वाचल्या, कशा वाचल्या, मोठ्याने वाचल्या की मनात, हे प्रश्न आज वाचनाच्या इतिहासाचे मध्यवर्ती प्रश्न मानले जातात. तेच प्रश्न एका छोट्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजला विचारून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तळहातावरील यंत्राची घडण

निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली जपानमधील क्योटो शहरात 'हानाफुदा' नावाचे पारंपरिक पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झाली. तिच्या हातातील व्हिडिओ गेमचे प्रमुख शिल्पकार गुनपेई योकोई होत. त्यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' ही मालिका आणली. यासाठी त्यांनी वापरलेला द्रवस्फटिक पडदा त्या काळी खिशातील गणकयंत्रांत सर्रास असे. जे तंत्रज्ञान जुने, पक्व आणि म्हणून स्वस्त झाले आहे, त्याचाच नव्या कामासाठी उपयोग करावा, हे योकोईंचे सूत्र होते.

याच सूत्रातून एप्रिल १९८९ मध्ये जपानात 'गेम बॉय' अवतरला. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ असे एकूण २३,०४० ठिपके होते आणि करड्या-हिरव्या रंगाच्या केवळ चार छटा दिसत. त्याच वर्षी आलेले अटारीचे 'लिंक्स' आणि १९९० मध्ये आलेले सेगाचे 'गेम गिअर' ही यंत्रे रंगीत होती. त्यांच्या पडद्यांना आतून उजेडही होता. परंतु त्यांना प्रत्येकी सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर कितीतरी अधिक काळ चालत असे. मुलाच्या खाऊच्या पैशांत जे यंत्र चालते तेच टिकते, हा धडा बाजाराने दिला. १९९८ मध्ये 'गेम बॉय कलर' आला. त्याला दोनच पेन्सिल सेल पुरत. रंग आले, परंतु पडद्यावरील ठिपक्यांची संख्या तीच राहिली आणि पडद्याला स्वतःचा उजेड याही वेळी नव्हता. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून जगभरात सुमारे ११ कोटी ८६ लाख यंत्रे विकली गेली.

येथे एक कालक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. मार्च २००१ मध्ये जपानात आणि त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेत 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' हे अधिक समर्थ यंत्र विक्रीस आले होते. म्हणजे नोव्हेंबर २००१ मध्ये गेम बॉय कलर हे मागील पिढीचे यंत्र ठरले होते. तरीही त्याच्यासाठी 'हॅरी पॉटर'चा स्वतंत्र खेळ तयार करणे प्रकाशकाला परवडत होते, कारण कोट्यवधी घरांत तेच यंत्र होते. नवे यंत्र थोरल्याला आणि जुने धाकट्याला, ही घराघरांतील वाटणी या खेळाच्या जन्मामागे उभी आहे.

परवाना आणि मुदत

चित्रपटावरून व्हिडिओ गेम करण्याची परंपरा या घटनेपूर्वी सुमारे दोन दशके जुनी होती. तिच्यातील सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण १९८२ सालचे आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' हा कौटुंबिक चित्रपट त्या वर्षी जूनमध्ये प्रदर्शित झाला. त्यावरील खेळ नाताळच्या बाजारपेठेत आणण्यासाठी अटारी कंपनीतील हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळ फसला. न खपलेली कार्ट्रिजे १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचराभूमीत पुरण्यात आली. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन होऊन सुमारे १,३०० कार्ट्रिजे बाहेर काढण्यात आली आणि त्यांतील एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाले.

या प्रसंगातून चित्रपटाधारित खेळांचा मूळ व्याधी दिसून येतो. चित्रपटाची तारीख आधी ठरते. खेळाने तिच्या मागे धावायचे असते. योगायोगाची बाब अशी की, १९८२ मध्ये अटारीची मालकी ज्या वॉर्नर कम्युनिकेशन्सकडे होती, त्याच समूहातील वॉर्नर ब्रदर्स ही चित्रसंस्था पुढे 'हॅरी पॉटर'च्या चित्रपटांची निर्माती झाली. जे. के. रोलिंग यांची पहिली कादंबरी लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिच्यावर आधारित व्हिडिओ गेमचे हक्क २००० साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीला मिळाले. ख्रिस कोलंबस दिग्दर्शित १५२ मिनिटांचा चित्रपट १६ नोव्हेंबर २००१ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेत प्रदर्शित झाला. खेळही त्याच आठवड्याच्या आगेमागे दुकानांत पोहोचले.

एकच नाव, अनेक खेळ

'खेळ' हा शब्द येथे अनेकवचनात वापरणे भाग आहे. संगणकासाठीचा खेळ नो-वंडर या संस्थेने, प्लेस्टेशनसाठीचा ब्रिटनमधील आर्गोनॉट गेम्सने, तर गेम बॉय कलर आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या दोन्ही यंत्रांसाठीचे खेळ ग्रिप्टोनाइट गेम्स या अमेरिकी संस्थेने तयार केले. २००३ मध्ये वॉर्टहॉग या संस्थेने आणखी एक आवृत्ती तत्कालीन नव्या यंत्रांसाठी काढली. डब्यावरील नाव समान असले तरी आत नियम वेगळे, दृश्ये वेगळी आणि खेळण्याची रीत वेगळी होती. ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांत जसा पाठभेद असतो, तसा हा भेद नव्हता. एकाच आख्यानावर रचलेल्या कीर्तन, पोवाडा आणि नाटक यांच्यात जितके अंतर असावे, तितके अंतर यांच्यात होते.

संगणक आणि प्लेस्टेशन यांच्यावर त्रिमितीय वाडा उभारून त्यातून मुलाला धावता येत असे. गेम बॉय कलरच्या २३,०४० ठिपक्यांत ते अशक्य होते. म्हणून ग्रिप्टोनाइटने त्या यंत्रासाठी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ, हा प्रकार निवडला. या प्रकाराची वंशावळ मोठी उद्बोधक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मेजाभोवती खेळला जाई, आणि त्याची प्रेरणा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची होती. १९८१ मध्ये 'विझार्ड्री' आणि 'अल्टिमा' या खेळांनी ती पद्धत संगणकावर आणली. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन जपानमध्ये युजी होरी यांनी १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' रचला आणि १९९६ मध्ये 'पोकेमॉन'ने हाच प्रकार गेम बॉयवर जगभर लोकप्रिय होण्याची वाट खुली केली.

२००१ मध्ये ब्रिटिश कादंबरीवरील चित्रपट जेव्हा जपानी यंत्रावर येऊ पाहत होता, तेव्हा अमेरिकी रचनाकारांच्या हाताशी हे जपानी रूप तयार होते. अद्भुतरम्य साहित्यातून निघालेला खेळ अमेरिकेतून जपानला गेला, तेथे त्याला नवे वळण मिळाले आणि तो परत एका अद्भुतरम्य कादंबरीच्या सेवेला आला. सांस्कृतिक देवाणघेवाणीचे एवढे लांबचे वर्तुळ एका लहान मुलाच्या हातातील वस्तूत पूर्ण होते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी आहे.

खेळण्याची क्रिया

या खेळात हॅरी वरून पाहिलेल्या नकाशावजा जागेत फिरतो. शत्रूशी गाठ पडली की दृश्य बदलते आणि पाळीपाळीने लढत सुरू होते. खेळणाऱ्याने यादीतून मंत्र निवडायचा, त्याचा परिणाम अक्षरांत वाचायचा आणि मग शत्रूची पाळी पाहायची. हॅरीचे शारीरिक बळ आणि जादूचे बळ आकड्यांनी दाखविले जाते. लढती जिंकल्यावर अनुभवाचे गुण मिळतात आणि पात्राची पातळी वाढते. प्रसिद्ध जादूगारांची चित्रे असलेले पत्ते गोळा करून त्यांच्या विशिष्ट जुळणीतून लढतीत साहाय्य मिळविता येते. मूळ कादंबरीत 'चॉकलेट बेडका'सोबत मिळणाऱ्या पत्त्यांचा उल्लेख येतो. येथे तो खेळाचा आधारस्तंभ होतो. 'फ्लिपेंडो' हा मंत्र तर मूळ कादंबऱ्यांत नाहीच. या व्हिडिओ गेममधून तो वाचकवर्गात रूढ झाला.

चित्रपटगृहातील अनुभवाशी याची तुलना करता तीन भेद ठळकपणे दिसतात. पहिला भेद गतीचा. चित्रपट १५२ मिनिटांत संपतो आणि प्रेक्षकाला थांबवता येत नाही. खेळ मात्र शाळेच्या बसमध्ये दहा मिनिटे, झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे असा तुकड्यातुकड्यांनी अनेक दिवस चालतो आणि ज्याचा त्याला वेग ठरविता येतो. दुसरा भेद अक्षरांचा. चित्रपटात संवाद ऐकायचे असतात. या खेळात ते चौकटीत उमटतात आणि वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोणता मंत्र किती बळ खर्च करतो, खिशातील जादूई नाण्यांत कोणती वस्तू घेणे शहाणपणाचे, हा हिशेबही मुलानेच करायचा असतो. तिसरा भेद प्रकाशाचा. चित्रपटाला अंधार लागतो. गेम बॉय कलरला उजेड लागतो. पडद्याला स्वतःचा प्रकाश नसल्याने खेळणाऱ्याला खिडकीशी किंवा दिव्याखाली बसून, यंत्र योग्य कोनात कलते धरावे लागे. ही बैठक पुस्तक वाचणाऱ्याची आहे.

या तिन्ही भेदांचा एकत्रित विचार केल्यास असे दिसते की, यंत्राच्या दारिद्र्यामुळे हा खेळ चित्रपटापासून दूर आणि कादंबरीच्या जवळ गेला. त्या काळचे खेळ केवळ चित्रपटाला बांधलेले नव्हते, याची साक्ष अन्यत्रही मिळते. कादंबरीतील खोडकर भूत पीव्हज चित्रपटातून वगळले गेले. संगणकावरील खेळात मात्र ते भेटते. म्हणून या खेळांस 'चित्रपटाची नक्कल' म्हणणे हे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे आहे. ती एकाच कथेच्या स्वतंत्र वाचनांची मालिका होती.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. लढतींची पुनरावृत्ती कंटाळवाणी होऊ शकते, आणि कथेतील भय, करुणा, मैत्री यांचे रूपांतर गुणांच्या बेरजेत होते, हा आक्षेप निराधार नाही. आईवडील गमावलेल्या मुलाचे दुःख आकड्यांत मावत नाही. परंतु हळूहळू, चुकतमाकत, पुन्हा प्रयत्न करीत बलवान होणे हा त्या कथेचा एक खरा धागा आहे. चित्रपटात तो एका दृश्यमालिकेत उरकला जातो. या खेळात मुलाला तो स्वतःच्या वेळेचे मोल देऊन अनुभवावा लागतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

वरील वर्णन प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांना लागू आहे. आपल्याकडे त्याच काळात हातातील व्हिडिओ गेम म्हणजे बहुधा 'ब्रिक गेम' असे. जत्रेत, फुटपाथवर आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या या यंत्रावर वरून पडणाऱ्या विटा रचायच्या असत. त्यात कथा नव्हती, अक्षरेही नव्हती. म्हणून भाषेची अडचणही नव्हती. अस्सल गेम बॉय परदेशातून येणाऱ्या नातलगाच्या सामानातून क्वचित एखाद्या घरी पोहोचे. 'हॅरी पॉटर' मात्र मराठी मुलांपर्यंत पुस्तकरूपाने आला. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद काढले. या कथेचे खेळरूप मराठीत अथवा अन्य भारतीय भाषेत आले नाही. ज्या खेळाचा प्राण वाचनात होता, तो भाषेच्या उंबरठ्यावरच अडला, असे म्हणावे लागते.

जतनाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हा खेळ आज अभ्यासायचा झाल्यास साधने कोणती? जुन्या बाजारातील कार्ट्रिज हे पहिले साधन. त्या काळच्या अनेक कार्ट्रिजांत खेळाची प्रगती साठविण्यासाठी नाण्याच्या आकाराचा एक लहान सेल बसविलेला असे. अशा सेलाचे आयुष्य साधारणतः दहा ते वीस वर्षांचे असते. सेल संपला तरी खेळ चालतो. नाहीशी होते ती खेळणाऱ्याने साठविलेली वाटचाल. कोणत्या पातळीवर तो थांबला, कोणते पत्ते त्याने जमविले, काय विकत घेतले, याची ती नोंद असते. हस्तलिखिताच्या समासातील वाचकाच्या टिपा पुसल्या जाव्यात आणि मूळ मजकूर तेवढा उरावा, अशी ही हानी आहे. वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्यास समासातील टिपांचे मोल सांगण्याची गरज नाही.

मूळ मजकूरही सुरक्षित नाही. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ अधिकृतरीत्या विकत मिळत नाहीत. गेम बॉय कुटुंबातील खेळांच्या बाबतीत उपलब्धतेचे प्रमाण सहा टक्क्यांहूनही कमी आढळले. ग्रंथालयांनी असे अप्राप्य खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून द्यावेत यासाठी १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याखाली सवलत मागण्यात आली होती; ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. चित्रपटाधारित खेळांची स्थिती अधिक बिकट असते. त्यांच्यावर लेखक, चित्रसंस्था, प्रकाशक आणि यंत्रनिर्माता अशा अनेकांचे हक्क गुंतलेले असतात. शिवाय खेळ रचणाऱ्या संस्थाही टिकत नाहीत. ग्रिप्टोनाइट ही संस्था २०११ मध्ये ग्लू मोबाइल या कंपनीने विकत घेतली.

काही देशांनी या दिशेने पावले उचलली आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे १९९२ च्या कायद्यानुसार व्हिडिओ गेमच्या प्रती जमा केल्या जातात. अमेरिकेत रॉचेस्टर येथील 'स्ट्राँग' खेळ-संग्रहालयाने इलेक्ट्रॉनिक खेळांचा मोठा संग्रह उभारला आहे. भारतात १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचीही भर पडली. व्हिडिओ गेमला मात्र या व्यवस्थेत स्थान नाही. मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयात गेल्या सात दशकांतील मराठी बालवाङ्मय शोधता येते. त्याच मुलांच्या हातातील ब्रिक गेम शोधायचा तर तो भंगारवाल्याकडेच शोधावा लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. प्रथम, चित्रपटावरून हातातील यंत्रासाठी खेळ करताना यंत्राच्या मर्यादा हेच रूपनिश्चितीचे मुख्य कारण ठरले. २००१ च्या गेम बॉय कलरवरील खेळाने दृश्यवैभव गमावले आणि वाचनीयता कमावली. दुसरे, एकाच नावाखाली प्रसिद्ध झालेले खेळ एकच कृती समजणे चुकीचे आहे. कोणते यंत्र, कोणते वर्ष आणि कोणते रचनाकार यांचा निर्देश केल्याशिवाय त्यांच्याविषयी कोणतेही विधान करणे धोक्याचे आहे. तिसरे, खेळाचा इतिहास हा खेळणाऱ्याचाही इतिहास असतो, आणि त्याचा पुरावा कार्ट्रिजमधील सेलाइतकाच अल्पायुषी आहे.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. इतिहास, वाङ्मय आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांच्या घरातील जुने व्हिडिओ गेम, त्यांचे डबे व माहितीपुस्तिका यांची सूची करणे, आणि ते खेळलेल्या व्यक्तींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, हे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. २००१ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज पस्तिशीच्या आसपास आहेत. कोणत्या खिडकीशी बसून, कोणाचे यंत्र मागून, कोणते इंग्रजी शब्द अडखळत वाचून ते खेळले, हे त्यांना अद्याप आठवते. ही साक्ष नोंदविण्याचा काळ हाच आहे.